मसाई मारा सफारी: कॅमेरा, लेन्स आणि टूर ऑपरेटर यांबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

केनियातल्या मसाई मारा अभयारण्यात (रिझर्व्हमध्ये) सफारीला निघणाऱ्यांचा पहिला प्रश्न बहुधा लेन्सचा असतो आणि टूर ऑपरेटरचा प्रश्न फक्त दरापुरता येतो. खरं तर गाडीत किती माणसं असणार, कॅम्प कुठे आहे आणि सकाळी किती वाजता निघायचं, यावर फोटो जास्त ठरतात, आणि या तिन्ही गोष्टी ऑपरेटरच्या हातात असतात. म्हणून इथे दोन्ही विषय एकत्र घेतले आहेत.

बजेट ठरलेलं आहे. जास्त पैसे लेन्सवर घालावेत की टूरवर?

टूरवर. लेन्स भाड्याने मिळते. खिडकीची जागा आणि सकाळचा उजेड ऐनवेळी विकत घेता येत नाही. ४०० मिमीची (हा आकडा जितका मोठा, तितकं लांबचं जवळ दिसतं) साधी लेन्स घेऊन चार जणांच्या गाडीत बसलेल्या माणसाला जे फोटो मिळतात, ते महागडी ६०० मिमी घेऊन सात जणांच्या व्हॅनमध्ये मधल्या सीटवर अडकलेल्याला मिळत नाहीत. खर्चाचा क्रम असा ठेवा: आधी मारामधल्या रात्री, मग गाडीतली जागा, मग कॅम्पचं ठिकाण आणि शेवटी लेन्स.

कोणत्या महिन्यात जावं?

विल्डबीस्ट या गुरांसारख्या दिसणाऱ्या हरणांचे कळप मारा नदी ओलांडताना बघायचे असतील तर जुलैअखेर ते ऑक्टोबरची सुरुवात. त्या काळात गर्दी आणि दर दोन्ही सर्वांत जास्त असतात. नदी कोणत्या दिवशी ओलांडली जाईल हे कोणीही सांगू शकत नाही. कळप काठावर तासन् तास थांबून मागे फिरतात, त्यामुळे क्रॉसिंगची हमी देणारा ऑपरेटर पहिल्याच वाक्यात बाद करावा.

सिंह, चित्ता आणि बिबट्या हाच हेतू असेल तर जानेवारी-फेब्रुवारी उत्तम. गवत तुलनेने आखूड असतं, गाड्या कमी असतात आणि प्रवेश फी निम्मी असते. एप्रिल-मेमध्ये मोठा पाऊस असतो. काळ्या मातीत गाड्या रुततात, पण त्या काळात आकाश सुंदर असतं. बछड्यांचा मोसम बघायचा असेल तर जानेवारीअखेर ते मार्च या काळात टांझानियातल्या न्दुतुला जावं, कारण तेव्हा विल्डबीस्टचे कळप व्यायला तिकडे गेलेले असतात.

ताडोब्यात १५०-६०० ने काम भागतं. तीच लेन्स इथे चालेल का?

चालेल, पण एकटी पुरणार नाही. ताडोब्यात रस्ता आणि झाडी अंतर ठरवते. मारा मोकळं माळरान आहे. इथे सिंह गाडीच्या सावलीत येऊन बसतो आणि सर्व्हल हे रानमांजर तीनशे मीटरवर गवतात उड्या मारत असतो.

थोडं गणित करून पाहू. फुल फ्रेम (मोठ्या सेन्सरच्या) कॅमेऱ्यावर ६०० मिमी लावली, तर ३० मीटरवर सुमारे १.८ मीटर रुंदीचा भाग चौकटीत मावतो, म्हणजे आडवा उभा सिंह शेपूट वगळून जेमतेम. ४०० मिमीवर २५ मीटरला सव्वादोन मीटर मावतात. तोच ६०० मिमीचा आकडा २० मीटरवरच्या हत्तीला लावला, तर फक्त १.२ मीटर, म्हणजे डोळा आणि कानाची कड. पूर्ण हत्ती घ्यायला तिथे १०० मिमीच्या आत यावं लागतं. कॅमेरा एपीएस-सी (लहान सेन्सरचा) असेल तर लेन्सच्या आकड्याला दीडने (कॅननमध्ये १.६ ने) गुणा.

म्हणून दोन लेन्सची जोडी हवी: १००-४०० किंवा त्याहून लांब एक झूम, आणि २४-१०५ किंवा ७०-२०० यांपैकी एक. किलिमांजारोजवळच्या अंबोसेली अभयारण्यात जाणार असाल तर दुसरी लेन्स नक्कीच घ्या. किलिमांजारोसमोर चालणाऱ्या हत्तींच्या रांगेला ६०० मिमी काहीच उपयोगाची नाही.

नेमकी कोणती लेन्स?

सोनीवाल्यांसाठी २००-६००, निकॉन झेडसाठी १८०-६००, कॅनन आरएफसाठी १००-५००. जुन्या डीएसएलआरवर सिग्मा १५०-६०० कंटेम्पररी किंवा निकॉन २००-५००. यांपैकी कॅनन सर्वांत हलकी, ट्रायपॉड कॉलरशिवाय सुमारे १.४ किलो. बाकीच्या दोन किलोच्या आसपास आहेत. दिवसाचे आठ-दहा तास हातात धरायची आहे, त्यामुळे वजन गौण मानू नका.

या सगळ्या लेन्स लांब टोकाला एफ/५.६ ते एफ/७.१ वर असतात (हा आकडा जितका मोठा, तितका आत येणारा उजेड कमी). पहाटेच्या पहिल्या वीस मिनिटांत त्यांच्यावर आयएसओ (सेन्सरची उजेडाची संवेदनशीलता) ६४०० पर्यंत जावं लागतं. आताच्या कॅमेऱ्यांना ते झेपतं आणि नॉइज (फोटोतला दाणेदारपणा) नंतर कमीही करता येते. ४०० मिमी एफ/२.८ सारखी प्राइम (झूम न होणारी लेन्स) भाड्याने घ्यायचा मोह होत असेल तर थांबा. मारामध्ये प्राणी सतत जवळ-लांब होत असतो आणि गाडी हवी तिथे नेता येत नाही. पहिल्या सफारीला झूमच बरी.

टेलिकन्व्हर्टर (लेन्सचा पल्ला वाढवणारा जोड-भाग) घ्यावा का?

एफ/६.३ च्या झूमवर नाही. १.४ पटीचा कन्व्हर्टर एक स्टॉप, म्हणजे निम्मा, उजेड खातो, लेन्स एफ/९ होते आणि ऑटोफोकस पहाटे चाचपडायला लागतो. शिवाय लांबच्या प्राण्याच्या फोटोत खरा शत्रू असतो तापलेली हवा. कन्व्हर्टर ती थरथर आणखी मोठी करून दाखवतो.

एकाच कॅमेरा बॉडीवर भागेल का?

भागेल, पण दोन असाव्यात. चित्ता दौडत येऊन गाडीखालून निघून जायला दहा सेकंदही लागत नाहीत. तेवढ्यात लेन्स बदलता येत नाही. बदललीच तर उघड्या सेन्सरवर धूळ बसते. अंबोसेलीची राखेसारखी बारीक धूळ तर फुंकून जात नाही. दुसरी बॉडी जुनी चालेल, मात्र बॅटरी आणि कार्ड पहिल्याच प्रकारचं असेल तर निम्मी कटकट वाचते.

ट्रायपॉड?

घरी ठेवा. गाडीत पाय पसरायला जागा नसते आणि गाडीतून उतरायची परवानगी नसते. लेन्स टेकवायला बीन बॅग (दाणे भरायची पिशवी) घ्या, ती रिकामी न्या. नैरोबीत तांदूळ किंवा राजमा विकत घेऊन भरा, साधारण अडीच-तीन किलो. पाऊण भाग भरा. गच्च भरली तर लेन्स तिच्यावरून घरंगळते, कमी भरली तर लेन्स छताच्या पत्र्याला टेकते आणि सगळी कंपनं फोटोत उतरतात. अनेक ऑपरेटर स्वतः बीन बॅग देतात, पण गाडीत किती असतील ते विचारा. सहा जणांत दोन असून उपयोग नाही. परत येताना धान्य कॅम्पच्या स्वयंपाकघरात द्या.

इंजिन चालू असेल तर बीन बॅगवरही ६०० मिमीचा फोटो हलतो. गाइडला थांबताक्षणी ‘झिमा इंजिनी’ म्हणायचं, म्हणजे इंजिन बंद कर. ‘सिमामा’ म्हणजे थांब. गाडीला स्वाहिलीत ‘गारी’ म्हणतात, तो शब्द तर आपल्याकडूनच गेलेला आहे.

सफारी व्हॅन, पॉप-अप छताची लँड क्रूझर आणि उघडी जीप यांत फरक काय?

इथे घाई करू नका, कारण गाडी हा तुमच्या कॅमेरा सामानाचाच भाग आहे.

सफारी व्हॅन सर्वांत स्वस्त. तिचं छत वर उचलतं आणि उभं राहून फोटो काढता येतात. पण ती चिखलात रुतते, जमिनीपासून उंची कमी असते आणि सहा-सात जण भरले तर छताखाली खांद्याला खांदा लागतो. कोरड्या मोसमात, चार जणांत, कमी बजेटमध्ये ती चालते.

पॉप-अप छताची लँड क्रूझर हा बहुतेकांसाठी योग्य पर्याय. छतातून सर्व बाजूंना दिसतं, पाऊस आला तर आत बसता येतं आणि चिखलातून गाडी निघते. तिची उणीव एकच: छतातून काढलेला प्रत्येक फोटो वरून खाली बघणारा येतो. सिंह जमिनीवर आणि तुम्ही अडीच मीटरवर, त्यामुळे प्राणी बुटका दिसतो आणि मागे नुसतं गवत येतं. प्राणी जवळ असेल तर खाली बसा आणि खिडकीतून काढा. बहुतेक गाड्यांच्या काचा सरकत्या असतात, निम्मीच खिडकी उघडते. सहलीआधी गाडीच्या आतला फोटो मागवून ते पाहून घ्या.

बाजूने पूर्ण उघडी जीप छायाचित्रणासाठी सर्वोत्तम. कॅमेरा खाली आणता येतो, प्राण्याच्या नजरेच्या उंचीच्या जवळ. अशा गाड्या सहसा कॅम्पच्या मालकीच्या असतात आणि विमानाने थेट मारात उतरणाऱ्या पाहुण्यांना मिळतात. पहाटे थंडी मात्र जबरदस्त वाजते. मारा समुद्रसपाटीपासून दीड हजार मीटरहून उंच आहे, तेव्हा कानटोपी आणि हातमोजे न्या.

ऑपरेटर म्हणतो, ‘प्रत्येकाला विंडो सीट’. तेवढं पुरेसं आहे?

नाही. सहा जणांच्या लँड क्रूझरमध्येही प्रत्येकाला खिडकी असते, तीन डावीकडे आणि तीन उजवीकडे. बिबट्या डावीकडे असला तर उजवीकडच्या तिघांना दुसऱ्यांच्या डोक्यांवरून फोटो काढावा लागतो. शिवाय सहापैकी एकाने पाय बदलला तरी गाडी हलते. विचारायचा प्रश्न असा: ‘गाडीत ड्रायव्हर सोडून जास्तीत जास्त किती जण असतील, आणि हे लेखी द्याल का?’ छायाचित्रणासाठी उत्तर चार किंवा त्याहून कमी असावं. तिघेच असतील तर प्रत्येकाला स्वतंत्र रांग, दोन्ही बाजू मोकळ्या.

ग्रुप टूरमध्ये हे शक्य नसेल तर ओळखीतले चौघे जमवून वेगळी गाडी मागा. लॉज आणि विमान ग्रुपचं, गाडी आपली. अनेक कंपन्या वाढीव पैसे घेऊन ही सोय करतात, पण तुम्ही विचारल्याशिवाय ती सांगितली जात नाही.

सकाळी नाश्ता करून निघालं तर काय बिघडतं?

सगळं. मारा विषुववृत्तापासून दीड अंशावर आहे. तिथे सूर्य जवळजवळ सरळ वर चढतो. साडेसहाच्या सुमाराला उगवला की तासाभरात पंधरा अंश वर, दोन तासांत तीस. आपल्याकडे थंडीत सकाळचा तिरपा उजेड रेंगाळतो, तसा इथे रेंगाळत नाही. साडेआठला सावल्या काळ्या पडतात. आठला लॉजवर परतून गरम पोहे खाणाऱ्या ग्रुपने दिवसाचा सर्वांत चांगला तास टेबलावर घालवलेला असतो.

म्हणून ऑपरेटरकडून हे कबूल करून घ्या: सहाला गेट उघडतं तेव्हा गाडी गेटवर असेल आणि नाश्ता डब्यात सोबत असेल. शाकाहारी किंवा जैन डबा हवा असेल तर तो आदल्या संध्याकाळी स्वयंपाकघरात सांगावा लागतो. तो न सांगितल्यामुळेच बरेच ग्रुप नाश्त्यासाठी परत फिरतात. केनियात गुजराती समाज पिढ्यान् पिढ्या राहतो, त्यामुळे शाकाहारी जेवणाची मोठ्या लॉजना सवय आहे. प्रश्न फक्त वेळेवर सांगण्याचा आहे.

सात रात्रींत अंबोसेली, नैवाशा, नाकुरू आणि मारा असा कार्यक्रम आला आहे. कसा वाटतो?

बघायला ठीक, फोटोंसाठी वाईट. नैरोबी ते अंबोसेली चार-पाच तास, अंबोसेलीहून नैवाशा जवळजवळ पूर्ण दिवस, आणि मारापर्यंत पुन्हा पाच-सहा तास. प्रत्येक वेळी हॉटेल बदलताना एक सकाळ किंवा एक संध्याकाळ रस्त्यावर जाते. सात रात्रींत मारामधल्या खऱ्या सकाळी दोनच उरतात.

नाकुरूचं नाव फ्लेमिंगोंसाठी झालं होतं, पण तळ्याचं पाणी वाढल्यापासून त्यांची तिथली गर्दी ओसरली आहे. आज तिथे जायचं ते गेंड्यांसाठी. फ्लेमिंगो हवे असतील तर बोगोरिया तळ्याची चौकशी करा.

सात रात्री असतील तर आमची शिफारस: अंबोसेली दोन, मारा पाच. किलिमांजारो (५,८९५ मीटर) बहुधा पहाटेच मोकळा दिसतो आणि नंतर ढगांत जातो, म्हणून अंबोसेलीत दोन पहाटा तरी हव्यात. दुसऱ्यांदा जाणाऱ्यांनी उत्तरेकडचं सांबुरू अभयारण्य घ्यावं. ग्रेव्हीचा झेब्रा, जाळीदार नक्षीचा जिराफ आणि मागच्या पायांवर उभं राहून पाला खाणारा गेरेनुक हे मारामध्ये दिसत नाहीत.

कॅम्पच्या नावात ‘मारा’ आहे. म्हणजे तो आतच असणार ना?

असं धरून चालू नका. कित्येक कॅम्प सेकेनानी आणि तलेक गेटच्या बाहेर आहेत. गेटपासून किती किलोमीटर आणि कोणतं गेट, हे दोन्ही विचारा. सेकेनानीच्या बाजूने मारा नदीवरच्या क्रॉसिंगच्या जागांपर्यंत पोचायला दीड-दोन तास लागतात. क्रॉसिंगसाठी जाणाऱ्यांनी नदीच्या जवळचा, किंवा नदीपलीकडच्या मारा ट्रँगलमधला कॅम्प बघावा. ट्रँगलची व्यवस्था २००१ पासून मारा कॉन्झर्व्हन्सी ही ना-नफा संस्था बघते. तिथे रस्ते नीट आहेत आणि नियमही कडक आहेत.

तिसरा पर्याय खासगी कॉन्झर्व्हन्सींचा: ओलारे मोतोरोगी, नाबोइशो, मारा नॉर्थ. या जमिनी मसाई कुटुंबांच्या आहेत, कॅम्प त्यांना भाडं देतात. तिथे गाड्या मोजक्या असतात, प्राण्यापर्यंत रस्ता सोडून जाता येतं आणि रात्रीची सफारीही असते. मुख्य रिझर्व्हमध्ये या दोन्हींना बंदी आहे. महाग पडतं, पण तीन रात्री कॉन्झर्व्हन्सीत आणि दोन रिझर्व्हमध्ये अशी वाटणी छायाचित्रकाराला फार लाभते.

दोन कोटेशनमध्ये एवढा फरक का?

सर्वांत आधी प्रवेश फी बघा. जुलै २०२४ पासून मसाई मारा रिझर्व्हची परदेशी प्रौढांसाठीची फी जुलै ते डिसेंबर दिवसाला २०० डॉलर आणि जानेवारी ते जून १०० डॉलर आहे. ऑगस्टमध्ये रिझर्व्हच्या आत चार दिवस म्हणजे माणशी ८०० डॉलर नुसती फी. त्यामुळे एखादं कोटेशन संशयास्पद स्वस्त वाटलं तर ‘किती दिवसांची फी धरली आहे?’ हा एकच प्रश्न विचारा. कधी उत्तर निघतं, ‘एक दिवस आत, बाकी गेटबाहेरच्या परिसरात फेरफटका.’ निघायच्या दिवशी किती वाजेपर्यंत बाहेर पडावं लागेल, तेही विचारा. उशीर झाला तर आणखी एक दिवसाची फी लागू शकते.

मग गाडीचा प्रकार, पाण्याच्या बाटल्या, विमानतळ ते हॉटेल आणि टिप. ड्रायव्हर-गाइडला माणशी दिवसाला दहा डॉलरच्या आसपास टिप देण्याची रीत आहे. ती बहुतेक कोटेशनमध्ये नसते.

भारतातून पॅकेज घेतलंत तर त्यावर टीसीएस (विक्रेत्याने आगाऊ वसूल केलेला आयकर) आकारला जातो. तो तुमच्या पॅनवर जमा होतो आणि आयकर विवरणात वळता करता येतो. दरांची तुलना करताना तो खर्च म्हणून धरू नका.

ऑपरेटर खरा आहे हे कसं तपासायचं?

केनियात टुरिझम रेग्युलेटरी अथॉरिटीचा चालू वर्षाचा परवाना हवा. त्याची प्रत मागा. केनिया असोसिएशन ऑफ टूर ऑपरेटर्स, म्हणजे काटो, या संघटनेचं सदस्यत्व ही जमेची बाजू. नाव तिच्या संकेतस्थळावरच्या यादीत स्वतः शोधा, लोगोवर विसंबू नका. टांझानियात टाला हा पर्यटन व्यवसायाचा परवाना आणि टाटो या तिथल्या टूर ऑपरेटर संघटनेचं सदस्यत्व बघायचं.

पैसे कंपनीच्या नावाच्या खात्यातच भरा. एखाद्या व्यक्तीच्या खात्यात किंवा मोबाईल वॉलेटमध्ये आगाऊ रक्कम मागितली तर तिथेच थांबा. आगाऊ रक्कम भरल्यावर आठवड्याभरात लॉजचे आरक्षण क्रमांक मागा आणि लॉजला थेट ईमेल करून तपासा. ऑगस्टच्या खोल्या वर्षभर आधी भरतात, तेव्हा ‘तत्सम हॉटेल’ हे दोन शब्द कोटेशनमध्ये असतील तर ते काढून घ्या.

गाइडची पातळीही विचारण्यासारखी आहे. केनिया प्रोफेशनल सफारी गाइड्स असोसिएशनच्या परीक्षा ब्राँझ, सिल्व्हर आणि गोल्ड अशा तीन पातळ्यांच्या असतात. सिल्व्हर गाइड प्राण्याची चाल आधी ओळखतो आणि उजेड पाठीशी घेऊन गाडी लावतो. एवढ्या एका गोष्टीने रोजचे निम्मे फोटो सुधारतात.

मराठी ग्रुप टूर, फोटो टूर की थेट केनियातला ऑपरेटर?

आई-वडील किंवा लहान मुलं सोबत असतील, जेवणाची आणि भाषेची काळजी असेल तर ग्रुप टूर. त्यात फोटो मिळतील तेवढे घ्यावेत. फोटो टूरमध्ये गाडीत तीन-चार जणच असतात आणि मार्गदर्शक असतो. मात्र मार्गदर्शक कोणत्या गाडीत कधी बसणार आणि तो स्वतः किती फोटो काढणार, हे आधी विचारा. चौघांचा गट तयार असेल तर थेट केनियातला ऑपरेटर पैशाच्या दृष्टीने सर्वांत चांगला. तिथे तुमचा कार्यक्रम तुम्ही ठरवता, तशीच विमान चुकल्यासारखी जोखीमही तुमचीच.

कॅमेऱ्याचं सेटिंग काय ठेवावं?

मॅन्युअल मोड, ऑटो आयएसओ, छिद्र (ॲपर्चर) पूर्ण उघडं. बसलेला प्राणी असेल तर शटर १/५०० सेकंद, चालणारा १/१०००, धावणारा किंवा उडणारा १/२५०० आणि वर. प्राण्यांचा डोळा ओळखणारा ऑटोफोकस चालू ठेवा, पण उंच गवतात तो पात्यांवर अडकतो. एका बिंदूच्या फोकसवर जाण्यासाठी एक बटण राखून ठेवा.

उजेडाची भरपाई (एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन) विसरू नका. काळपट विल्डबीस्ट आणि म्हशी चौकट भरून असतील तर कॅमेरा फोटो उजळ करतो, वजा ०.७ करा. झाडावरचा बिबट्या, मागे पांढरं आकाश, असं दृश्य असेल तर अधिक १ ते १.७, नाहीतर बिबट्याचा काळा ठिपका मिळतो. क्रॉसिंगला धूळ आणि पाणी उडत असताना १/२००० वर शंभरेक फोटो घ्या, मग मुद्दाम १/३० वर पॅनिंग करा, म्हणजे प्राण्याबरोबर कॅमेरा फिरवत फोटो घ्या. बहुतेक फुकट जातील, एखाद-दुसरा मात्र मोठा करून भिंतीवर लावण्याजोगा येईल.

दहा वाजल्यानंतर सगळे फोटो मऊ (अस्पष्ट) का येतात? लेन्स बिघडली का?

लेन्स ठीक आहे. जमीन तापली की गरम हवेचे थर वर चढतात आणि प्रकाश वाकवतात. लांबचं काही धारदार येत नाही, शटर कितीही वाढवा. जवळचे विषय शोधा किंवा सावलीत पाणवठ्यावर थांबा. पहाटेही हे एका ठिकाणी होतं: लेन्सच्या खाली गाडीचं तापलेलं बॉनेट असलं तर.

धुळीपासून कॅमेरा कसा वाचवायचा? प्लास्टिक पिशवी चालेल?

प्लास्टिकच्या कॅरीबॅगवर केनियात ऑगस्ट २०१७ पासून बंदी आहे आणि दंड जबर आहे. टांझानियातही जून २०१९ पासून बंदी आहे. जून २०२० पासून केनियाच्या अभयारण्यांत एकदा वापरायच्या प्लास्टिक बाटल्याही नेता येत नाहीत, म्हणून स्टीलची बाटली न्या. कॅमेऱ्यासाठी जुना सुती उशीचा अभ्रा सगळ्यांत उत्तम. गाडी चालू असताना बॉडी आणि लेन्स अभ्र्यात, थांबली की बाहेर. संध्याकाळी आधी ब्लोअर, मग ब्रश, मग कापड. थेट कापडाने पुसलं तर बारीक वाळू काच घासते.

कार्ड आणि बॅटरी किती?

२४ मेगापिक्सेलची एक रॉ (कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेली) फाइल साधारण ३० एमबी. रोज दीड हजार फोटो म्हणजे ४५ जीबी, सहा दिवसांत २७० जीबी. ४५ मेगापिक्सेल असेल तर जवळपास दुप्पट. १२८ जीबीची चार-पाच कार्डं आणि १ टीबीच्या दोन एसएसडी घ्या. रोज रात्री दोन्हींवर प्रत काढा आणि दोन्ही वेगवेगळ्या बॅगांत ठेवा. परतेपर्यंत कार्ड फॉरमॅट करू नका.

प्रत्येक बॉडीमागे तीन बॅटऱ्या. तंबूच्या कॅम्पमध्ये वीज सौरऊर्जेची किंवा ठरावीक तासांपुरती असते. केनियाचं सॉकेट ब्रिटिश पद्धतीचं, तीन चौकोनी पिनांचं. व्होल्टेज आपल्यासारखंच, त्यामुळे फक्त ॲडॅप्टर लागतो. एक ॲडॅप्टर आणि घरचा एक्स्टेन्शन बोर्ड नेला की सगळं एकदम चार्ज होतं.

विमानात सामान कसं न्यायचं?

कॅमेरा, लेन्स, सगळ्या बॅटऱ्या आणि पॉवर बँक केबिन बॅगेत. लिथियम बॅटरी चेक-इन सामानात टाकू नका. नैरोबीच्या विल्सन विमानतळावरून माराला छोट्या विमानाने जाणार असाल तर एकूण १५ किलोची मर्यादा असते, हातातलं सामान धरून, आणि बॅग मऊ लागते. जास्त सामान असेल तर आधी सांगून जादा वजनाचे पैसे भरता येतात.

मुंबईहून निघताना कस्टम्सच्या काउंटरवर महागड्या सामानाचं एक्स्पोर्ट सर्टिफिकेट करून घ्या. बॉडी आणि लेन्सचे क्रमांक टाइप केलेला कागद आणि बिलं सोबत ठेवा. परतताना सामान परदेशात घेतलं असं समजून शुल्क लावण्याचा प्रश्नच येत नाही. भाड्याची लेन्स असेल तर भाड्याची पावती, आणि ती परदेशी न्यायला मालकाची लेखी संमती.

ड्रोन?

नेऊ नका. परवानगीशिवाय आणलेला ड्रोन नैरोबी विमानतळावरच जप्त होतो.

कॅमोफ्लाज जॅकेट चालेल ना?

तेही नको. लष्करी पोशाखासारखे कपडे नागरिकांनी घातले तर केनियात अडचण होते. खाकी, मेंदी, मातकट रंग घ्या. टांझानियात जाणार असाल तर गडद निळा आणि काळा टाळा. त्सेत्से माशी त्या रंगांकडे येते आणि जाड कापडातूनही चावते.

घरातल्या इतरांकडे फक्त मोबाईल आहे. त्यांच्यासाठी काय?

८×४२ ची दुर्बीण, प्रत्येकाला एक. मोबाईलवर लांबचा सिंह शोधत बसण्यापेक्षा दुर्बिणीतून त्याच्या मिशा दिसणं कितीतरी सुखाचं. फोटो हवेच असतील तर निकॉन पी९५० किंवा सोनी आरएक्स१० मार्क ४ असा लेन्स न बदलणारा कॅमेरा. पहिल्याचं झूम अफाट, दुसऱ्याचे फोटो अधिक चांगले.

मसाई लोकांचे फोटो काढू का?

आधी विचारून. गावाची भेट असेल तर फोटोसह किती पैसे, हे गाइडमार्फत आधीच ठरवा. चालत्या गाडीतून लांब लेन्स रोखू नका. ती त्यांची वस्ती आहे.

गाइडला आणखी जवळ न्यायला सांगितलं तर?

सांगू नका. रिझर्व्हमध्ये रस्ता सोडायला मनाई आहे, प्राण्यापासून २५ मीटर अंतर ठेवायचं असतं आणि शिकारी प्राण्याजवळ एका वेळी पाचच गाड्यांना मुभा आहे. मोडलं तर दंड होतो आणि गाइडचा परवाना धोक्यात येतो. चित्त्याला दिवसा शिकार करावी लागते. गाड्यांनी घेरलं की त्याचं सावज निसटतं आणि पिल्लं उपाशी राहतात. टिपच्या लोभाने नियम मोडणाऱ्या गाइडला ‘नको’ म्हणणं प्रवाशालाच जमतं.

मारा आणि सेरेंगेटी लागून आहेत. एकाच सहलीत दोन्ही?

जमीन लागून आहे, पण मधला रस्ता पर्यटकांना १९७७ पासून बंद आहे. इसेबानिया किंवा नामांगामार्गे वळसा घालावा लागतो आणि सीमेवर गाडी व गाइड बदलतात. त्यासाठी पूर्ण दिवस धरा, आणि दहा रात्रींहून कमी असतील तर एकच देश करा.

व्हिसा आणि लस?

केनियासाठी जानेवारी २०२४ पासून व्हिसाऐवजी ई-टीए (इलेक्ट्रॉनिक प्रवास परवाना) लागतो. तो ऑनलाइन, निघण्याआधी काढायचा. पिवळ्या तापाची लस प्रवासाच्या किमान दहा दिवस आधी सरकारमान्य केंद्रातच घ्या. ती तपासली जाते ती मुख्यतः परतताना, भारतात. दाखला नसेल तर सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवतात. केंद्रांवर वार आणि नावनोंदणी ठरलेली असते, म्हणून हे काम महिनाभर आधी उरका. हिवतापाच्या गोळ्यांबद्दल डॉक्टरांना विचारा.

ऑपरेटरला पहिल्या ईमेलमध्ये काय लिहू?

एवढं लिहा: ‘आम्ही चौघे आहोत, चौघेही फोटो काढतो. १८ ते २५ ऑगस्ट. मारामध्ये पाच रात्री, नदीच्या जवळचा कॅम्प. पॉप-अप छताची लँड क्रूझर, ड्रायव्हर सोडून चारच जण, दिवसभर आमच्याकडे. सकाळी सहाला गेटवर, नाश्ता आणि जेवण डब्यात, दोघे शाकाहारी. चार बीन बॅग आणि गाडीत चार्जिंगची सोय. सिल्व्हर पातळीचा गाइड. किती दिवसांची प्रवेश फी धरली आहे ते वेगळं दाखवा. गाडीच्या आतला फोटो आणि चालू परवान्याची प्रत पाठवा.’ हाच मजकूर तीन ऑपरेटरांना पाठवा. जो प्रत्येक मुद्द्याचं वेगळं उत्तर देतो, त्याच्याशी पुढचं बोला.